पाचवं माप

भामरागडकडच्या धानाच्या बांध्या क्वचितच काटकोनी असतात. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमीच्या या मुलखात धुरा जमिनीच्या उताराने वळतो, मध्ये मोहाचं झाड आलं की वळसा घालून पुढे जातो. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर कमाल 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, त्यामुळे क्षेत्रफळ हा इथे नुसता पेपरातला प्रश्न नाही. जीपीएस यंत्राचं माप दाट झाडीखाली काही मीटर इकडेतिकडे होतं. लहान बांधीला टेपच बरा.

पण टेपने मोजायचं काय? चार बाजू घ्यायच्या, समोरासमोरच्यांची सरासरी काढून गुणाकार करायचा, हा हिशेब सोपा खरा, पण फसवा. चारही बाजू 50 मीटरच्या आहेत समजा. बांधी चौरस असेल तर 2500 चौरस मीटर, म्हणजे पावणेपंचवीस गुंठे. पण ढिली बाज कोपऱ्यातून रेटल्यावर तिरकी व्हावी तशी ती असेल आणि लांब कर्ण 96 मीटर भरला, तर क्षेत्र उरतं 1344. जेमतेम सव्वातेरा गुंठे! बाजू त्याच.

‘लीलावती’त (1150) भास्कराचार्यांनी लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला सरळ पिशाच ठरवलं आहे. ब्रह्मगुप्ताचं 628 मधलं चार बाजूंचं सूत्रही चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तरच बरोबर येतं. इतकी शिस्त शेताला कुठली?

त्रिकोणाचं तसं नाही. तीन बाजू ठरल्या की आकार पक्का. ‘लीलावती’तलाच 13, 14, 15 बाजूंचा त्रिकोण घ्या. बेरजेची निम्मी 21. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की 8, 7, 6. चौघांचा गुणाकार 7056, त्याचं वर्गमूळ 84. झालं क्षेत्रफळ, लंब नको, कोन नको. शाळेत हे सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने शिकवतात.

म्हणून बांधीला पाचवं माप हवं ते कर्णाचं. तो घेतला की दोन त्रिकोण पडतात. वरच्या तिरक्या बांधीत प्रत्येकी 672 चौरस मीटरचे. धुरा वाकडा असेल तर त्रिकोण वाढवायचे, इतकंच. मात्र कर्ण कोणता घेतला याला फार महत्त्व आहे. 96 चा लांब कर्ण चुकून 97 मोजला गेला, तर क्षेत्र 12 टक्क्यांनी घटतं. दुसरा, 28 मीटरचा आखूड कर्ण 29 लिहिला गेला, तर फरक तीन टक्क्यांच्या आसपास.