बरणी निघाली काश्मीरला

मुलगा फौजेत. सुट्टी संपवून डिसेंबरात काश्मीरकडे निघाला की आई लोणच्याची बरणी बांधतेच. प्लॅस्टिकच्या डब्यात लोणचे घालायला तिचा जीव होत नाही! मग ती बरणी नीट पोचेल अशी तरी बांधावी.

बरणी आपटली की फुटते, हे सर्वांना ठाऊक. पण थंडीतही ती तडकते. काचेतून उष्णता सावकाश जाते. गार बरणीत कढत पाणी ओतले की आतली बाजू लगेच प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते. या ओढाताणीत तडा जातो. जाड काच मजबूत दिसते, पण इथे तीच आधी दगा देते.

तेलातल्या लोणच्याची फारशी काळजी नको. सरबताचे मात्र तसे नाही. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के वाढते, म्हणून पातळ सरबताची बाटली काठोकाठ भरू नये. खरे तर ते काचेत देऊच नये.

बरणीला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, वरून जुन्या लुगड्याची घडी गुंडाळावी. खोक्यात खाली, वर आणि चहूबाजूंनी चार बोटे भाताचा पेंढा गच्च दाबावा. पेंढा अगदी कोरडा हवा. त्यात हवा अडकून राहते, त्यामुळे दणकाही बसत नाही आणि गारवाही हळूहळू शिरतो. खोका हलवून पाहा; आत खुडखुड वाजले तर पुन्हा उघडा.

मुक्कामी पोचल्यावर खोका बंदच अर्धा दिवस खोलीत राहू दे, शेगडीजवळ नको, हे मुलाला बजावून सांगा. आणि रिकामी बरणी धुवायला कोमट पाणी पुरे.