माहिती चौकट : कराचीचे आकाश बंद, फेरी फ्लाइटला वळसा

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे वसली. त्याच सिंधमधल्या कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. आज भारतीय विमानांना तो मार्ग खुला नाही.

● फेरी फ्लाइट : विमान प्रवाशांविना एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवणे, उदा. कारखान्यातून मालकाकडे.

● बंदी : पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. भारतीय कंपन्यांनी भाड्याने घेतलेली विमानेही बंदीत येतात. मुदत ‘नोटॅम’ (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून वाढवली जाते.

● वळसा : युरोपातून दिल्लीला येणारे नवे भारतीय विमान आखातावरून अरबी समुद्र ओलांडून येते. इंधन आणि वैमानिकांच्या ड्युटीचे तास, दोन्ही वाढतात.

● राफेल : या बंदीच्या आधीही, २९ जुलै २०२० रोजी पहिली पाच लढाऊ विमाने अशीच वळशाने फ्रान्सहून अंबाल्यात आली. वाटेत अबुधाबीजवळच्या अल धफ्रा तळावर मुक्काम झाला, हवेत इंधन भरले गेले आणि प्रवेश अरबी समुद्रावरून झाला.

● छोटे विमान : टाकी लहान असल्याने लांबचा वळसा झेपत नाही, थांबे वाढतात आणि प्रत्येक देशाची परवानगी लागते.

● आरोही पंडित : मुंबईच्या या वैमानिकेने १५ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांच्या उड्डाणाला मानवंदना दिली. उड्डाण मात्र कराचीऐवजी भूजहून केले. शेजाऱ्यांमधला तणाव निवळला, तर कराचीचे आकाश सर्वात आधी खुले व्हायला हवे.