दयेवर संशय घेणारी माणसं

पेंड्रा गावातून जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं, तेव्हा ते काढणारे तिघेही मराठी होते: माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक म्हणून रायपूरचे वामन बळीराम लाखे. मासिक जेमतेम तीन वर्षं टिकलं. पण १९०१ मध्ये त्यात सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी गोष्ट छापून आली आणि हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये आजही तिचं नाव घेतलं जातं.

जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं. शेजारच्या विधवेची झोपडी मध्ये येते. वकिलांना हाताशी धरून तो कोर्टातून ताबा मिळवतो. काही दिवसांनी म्हातारी टोपली घेऊन येते. घर सुटल्यापासून नात जेवत नाही, तिच्यासाठी इथल्याच मातीची चूल घालायची आहे, एवढं मागते. टोपली भरते आणि ती उचलायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती हलत नाही. मग ती विचारते, एक टोपली पेलवत नाही, तर या जागेतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल? जमीनदार ओशाळतो, झोपडी परत करतो.

ही गोष्ट बहुतेक जण दयेची म्हणून वाचतात. मला ती तशी वाटत नाही. म्हातारी दयेसाठी पदर पसरत नाही, ती त्याच्या बळाची परीक्षा घेते, आणि तो नापास होतो. तरीही एक गोष्ट सलत राहते. झोपडी परत मिळाली ती जमीनदाराला पाझर फुटला म्हणून. कोर्टाचा निकाल त्याच्याच बाजूचा राहिला. उद्या त्याचं मन फिरलं तर म्हातारीने कुठे जायचं?

दयेबद्दलचा हा प्रश्न सगळ्यांत निष्ठुरपणे विचारणारा तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे मासिक निघालं त्याच वर्षी, ऑगस्ट १९०० मध्ये, जर्मनीत वारला. त्याच्या तरुणपणी त्याला भारून टाकणाऱ्या शोपेनहाउअरने करुणा हाच नीतीचा पाया मानला होता. नीत्शेने नेमका त्याच पायावर घाव घातला. दयेने दुःख कमी होत नाही, एकाचं होतं ते दोघांचं होतं, असं तो म्हणतो. दया करणाऱ्याला आपण वरच्या पायरीवर असल्याचं सुख मिळतं आणि दुसऱ्याची मान खाली जाते. पुढे १८८७ च्या नीतीच्या वंशावळीवरच्या ग्रंथात तो ख्रिस्ती सद्गुणांकडे वळतो. ज्यांना बदला घेता आला नाही त्यांनी आपल्या असहायतेला नम्रता म्हटलं, क्षमा म्हटलं आणि बलवानांना पापी ठरवलं, अशी त्याची मांडणी. दया करणाऱ्याबद्दल तो जे म्हणतो ते मला पटतं. दुबळ्यांबद्दल जे म्हणतो ते पटत नाही, कारण न्याय मागणाऱ्या प्रत्येकाला त्यात आधीच मत्सरी ठरवून टाकलेलं आहे.

रूढ सद्गुणांची अशी झडती मराठीतही झाली आणि तिचा रस्ता रायपूरवरून जातो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण भाविक वाचकाला चांगलंच हादरवणारं आहे. हॅम्लेट आणि कोरिओलेनसच्या पेचांपासून ते सुरू होतं आणि अहिंसा, सत्य, क्षमा अशा एकेका व्रताची उलटतपासणी घेतं. कर्णपर्वातला कौशिक दरोडेखोरांना वाटसरू कुठे लपले ते खरं सांगतो आणि त्या खरेपणापायी नरकात जातो. वनपर्वात प्रल्हाद नातवाला, बळीला सांगतो की सदासर्वदा क्षमा चांगली नाही आणि सदासर्वदा तेजही नाही. हा संवाद द्रौपदी युधिष्ठिराला ऐकवते, सगळं हरून वनात आल्यावर. टिळकांना आधार शोधायला युरोपात जावं लागलं नाही, तो घरच्याच ग्रंथांत होता.

नीत्शेने जुन्या मूल्यांच्या पाट्याच फोडायला काढल्या. टिळकांनी नियम ठेवला, पण अपवाद करणाऱ्याकडून त्याच्या बुद्धीचा जाब मागितला: ती सम आहे का, तिच्यात लोकसंग्रह आहे की स्वार्थ?

‘गीतारहस्य’चं हिंदी भाषांतर केलं ते सप्र्यांनीच. १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि थोरल्या भावाच्या आग्रहापुढे नमून ते माफीनामा देऊन सुटले. ती माफी त्यांना जाळत राहिली. ते रामदासी पंथाकडे वळले, त्यांनी मधुकरी मागितली, दासबोध हिंदीत आणला आणि त्यानंतर ‘गीतारहस्य’. कुटुंबावरची माया आणि देशाचं काम यांत मायेला कौल दिलेल्या माणसाने ‘कर्मजिज्ञासा’ ओळीओळीने हिंदीत उतरवताना काय सोसलं असेल, हा विचार मला सोडत नाही. रायपुरातच २३ एप्रिल १९२६ ला त्यांचं निधन झालं.

टिळकांचं उत्तर मात्र अपुरं आहे. बुद्धी सम आहे की नाही हे ठरवणार कोण? सत्ता असलेला माणूस स्वतःला नेहमीच समबुद्धी समजतो. आंबेडकरांनी नेमकं इथे बोट ठेवलं. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये ते नीत्शेला थेट मनूशेजारी उभं करतात, आणि त्याला कारण होतं. १८८८ मध्ये मनुस्मृतीचं एक बेभरवशाचं फ्रेंच भाषांतर वाचून नीत्शे भारावला होता आणि बायबलपेक्षा तिला वरचं स्थान देऊन बसला होता. दुसरीकडे, गांधींच्या हरिजन सेवक संघाच्या कामावरही आंबेडकरांची टीका तितकीच कडवी होती. उपकाराच्या ओझ्याने अस्पृश्यांचा स्वाभिमान मारला जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दया नको आणि बलवानांचा उद्दामपणाही नको. मग उरतो तो हक्क.

त्या हक्काची लढाई रायपूरच्या परिसरातच झाली. शहराच्या उत्तरेला उरला ही औद्योगिक वसाहत आहे: रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, छपरांवर बसणारी काळी भुकटी. १९९० च्या सुमारास कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचं कंत्राटी कामगारांचं आंदोलन भिलाई, कुम्हारी, टेडेसरा आणि उरल्यापर्यंत पसरलं. मागण्या साध्या होत्या: जगता येईल इतकी मजुरी, कायम नोकरी, युनियन केली म्हणून काढलेल्यांना पुन्हा कामावर घेणं. दिवाळीला हातावर मिठाईचा डबा ठेवणारा ठेकेदार हजेरीकार्ड देत नसेल, तर तो डबा नीत्शे म्हणतो तशीच दया असते. याच चळवळीतल्या खाणकामगारांनी १९८३ मध्ये दल्ली राजहरात वर्गणीने आणि स्वतःच्या श्रमाने शहीद हॉस्पिटल उभं केलं. कुणा शेठजींच्या धर्मादायाची वाट त्यांनी पाहिली नाही.

नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत गोळी घालण्यात आली. १ जुलै १९९२ ला त्याच मागण्या घेऊन कामगार भिलाई पॉवरहाउस स्टेशनवर रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यापैकी सोळा जण मेले.