‘स्वभावाला औषध नाही’ हे खरे काय?
व्यक्तिमत्त्व-विकार आणि भोर-वेल्ह्यातून उपचारकाचा शोध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की तिच्या खरेखोटेपणाचा विचार सहसा कोणी करीत नाही. घरातील एखादी व्यक्ती सकाळी ज्याच्यासाठी जीव टाकते, त्यालाच सायंकाळी वैरी ठरविते. क्षुल्लक शब्दावरून घर सोडून निघते. एकटे पडण्याच्या भीतीने कासावीस होते आणि भावनेच्या भरात स्वतःच्याच हातावर वार करून घेते. असे वर्षानुवर्षे चालले, की आप्तेष्ट हीच म्हण उच्चारून हात टेकतात. या म्हणीने दोन अनर्थ होतात. पीडित व्यक्तीच्या वाट्याला उपचाराऐवजी दूषणे येतात आणि कुटुंब मदतीचा शोधच थांबविते. हा शोध भोर व वेल्हे (राजगड) या डोंगरी तालुक्यांतून कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम व्यक्तिमत्त्व-विकार म्हणजे काय, हे पाहू. हट्टीपणा, तापटपणा किंवा अबोलपणा म्हणजे विकार नव्हे. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी नाते जोडण्याची पद्धतच जेव्हा दीर्घकाळ बिघडलेली राहते, घर, काम व मैत्री अशा सर्व ठिकाणी तिचा त्रास होतो, तेव्हा तज्ज्ञ हे निदान करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११ वी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत जुन्या प्रकारांच्या नामावळीऐवजी विकार सौम्य, मध्यम की तीव्र, यावर भर दिलेला आहे. वर वर्णिलेल्या भावनिक अस्थैर्याच्या प्रकारास ‘बॉर्डरलाइन’ असे म्हणतात. आत्मघाताचा धोका त्यात मोठा असतो. म्हणून या लेखात त्याचाच विचार मुख्यत्वे केला आहे.

हा विकार बरा होतो काय? अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून अशा २९० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा केला. १० वर्षांच्या अवधीत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली आणि किमान २ वर्षे ओसरलेलीच राहिली. लक्षणांबरोबर कामधंदा व नातीही सावरली, अशांचे प्रमाण मात्र ५० टक्के होते. आशा खरी आहे, पण वाट लांबची आहे, असाच याचा अर्थ.

उपचाराच्या इतिहासात मार्शा लिनेहान यांचे नाव अग्रभागी येते. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील या मानसशास्त्रज्ञ विदुषीने ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही पद्धती घडविली. तिची पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार या उपचाराने कमी झाल्याचे तीत दिसून आले. लिनेहान स्वतः १९६१ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, मनोरुग्णालयात दाखल होत्या, ही गोष्ट त्यांनी २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाहीरपणे सांगितली. या पद्धतीत चार कौशल्ये शिकविली जातात: सजगता, क्लेश सहन करणे, भावनांचे नियमन आणि नातेसंबंधांतील व्यवहार. पैकी सजगतेचे शिक्षण लिनेहान यांनी झेन साधनेतून घेतले. अभ्यासकांना यात सम्यक स्मृतीची ओळख पटेल. परंतु येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उपचारात ही सजगता थोडी थोडी, उपचारकाच्या देखरेखीखाली शिकविली जाते. ती शिकावी म्हणून तीव्र अवस्थेतील रुग्णास थेट दहा दिवसांच्या मौन शिबिरात धाडणे योग्य नव्हे. विपश्यना केंद्रांच्या मार्गदर्शक सूचनांतही गंभीर मानसिक विकार असलेल्यांना शिबिराची शिफारस केलेली नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. हिर्डोशी खोऱ्यातील वा तोरण्याच्या पायथ्याच्या गावातून निघालेल्या माणसाला आधी तालुक्याचे गाव, मग कापूरहोळ किंवा नसरापूरजवळचा चेलाडी फाटा, आणि तेथून महामार्गाने पुणे गाठावे लागते. एका भेटीत दिवस जातो, मजुरी बुडते, बहुधा सोबतीस आणखी एक माणूस लागतो. लिनेहान यांच्या पूर्ण पद्धतीत तर दर आठवड्यास एक वैयक्तिक भेट, एक गटवर्ग आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर मार्गदर्शन अपेक्षित असते. ‘असा तज्ज्ञ येथे कोठून मिळणार?’ असे म्हणून अनेक कुटुंबे शोध सोडून देतात; गावच्या देवऋषीची वाट त्यापेक्षा जवळची असते.

या ठिकाणी कॅनडातील टोरांटो येथे झालेला एक अभ्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. शेली मॅकमेन व सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. १८० रुग्णांपैकी काहींना लिनेहान यांची पद्धती आणि काहींना या विकाराची जाण असलेल्या मनोविकारतज्ज्ञांचे नियमबद्ध सर्वसाधारण उपचार वर्षभर देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. तात्पर्य असे, की दुर्मीळ नावाची पद्धती हाती लागलीच पाहिजे असे नाही. विकार ओळखणारा, वेळ ठरवून भेटणारा आणि मध्येच न सोडणारा उपचारक मिळाला, तरी पुष्कळ काम होते. चूळमालुंक्य सुत्तातील बाण लागलेला मनुष्य बाण कोणी मारला, धनुष्य कशाचे होते हे कळेपर्यंत शल्य काढू देत नाही. आदर्श तज्ज्ञाची वाट पाहत बसणे हे काहीसे तसेच होय.

मग आरंभ कोठे करावा? केंद्र शासनाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला व १९९६ पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. पुण्याचे जिल्हा रुग्णालय औंध येथे आहे. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्यातील शासकीय रुग्णालयात जाऊन ‘जिल्हा मानसिक आरोग्य पथक कोणत्या दिवशी येते?’ एवढा प्रश्न विचारावा. गावातील आशाताईंकडूनही ही चौकशी करून घेता येते. पुढील तपासणीसाठी महामार्गाने पुण्यात शिरताना नऱ्हे येथील काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय व धनकवडीचे भारती रुग्णालय वाटेवर लागतात. पुणे स्टेशनजवळ शासकीय ससून रुग्णालय आहे. व्यसनाचीही जोड असेल, तर १९८६ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची मदत घेता येते. निदान एकदा समक्ष झाले, की पुढील काही भेटी दूरध्वनीवर वा व्हिडिओद्वारे होतील काय, हे अवश्य विचारावे. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यास २०२० पासून अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे आहेत. घरात एकांत नसेल अथवा दरीत मोबाइलचा संपर्क तुटत असेल, तर महिन्यातील एक समक्ष भेट व मधल्या काळात ठरलेल्या वेळी बोलणे, अशी आखणी करता येईल.

उपचारक निवडताना पदव्यांचा भेद माहीत असावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. औषध तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्प प्रशिक्षणावरही लावलेली आढळते; म्हणून शिक्षण कोणते, हे निःसंकोच विचारावे. तसे विचारणे हा उपमर्द नव्हे. व्यक्तिमत्त्व-विकाराचे असे खास औषध नाही. सोबतचे नैराश्य वा निद्रानाश यांवर गोळ्या उपयोगी पडतात, परंतु मुख्य उपचार संवादाचा व शिक्षणाचाच असतो. पहिल्या भेटीत पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत:

१. असे रुग्ण आपण यापूर्वी पाहिले आहेत काय, आणि उपचार साधारण किती काळ चालेल?
२. भेटी किती दिवसांनी व किती शुल्कात होतील?
३. जीव नकोसा झाला, तर रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे?
४. घरच्यांना केव्हा बोलवाल, आणि रुग्णाने सांगितलेले त्यांच्यापासून कितपत गुप्त ठेवाल?

‘दोन भेटींत स्वभाव बदलून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. तसेच विकाराचे नाव ऐकताच ‘असे रुग्ण मी घेत नाही’ असे कोणी म्हटले, तर खचून न जाता ‘मग कोणाकडे जाऊ?’ असे विचारून घ्यावे. या विकाराच्या माणसाला सोडून दिले जाण्याचीच सर्वांत मोठी भीती असते, हे येथे आठवावे. दोन-तीन भेटींनंतर उपचारकावर रागावून उपचार तोडणे हे पुष्कळदा त्या विकाराचेच लक्षण असते. तो राग उपचारकापुढेच बोलून दाखविणे, हाही उपचाराचाच भाग होय.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २०१८ पासून अंमलात आला. शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्याच्या कलम १८ ने व गोपनीयतेचा हक्क कलम २३ ने दिलेला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते. तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. म्हणून अशा प्रसंगी पोलिसांच्या भीतीने रुग्णास घरात लपवून ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घरातील कीटकनाशके व गोळ्या कुलूपबंद ठेवाव्यात. शेतकरी कुटुंबात ही एक दक्षता जीव वाचवू शकते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. रुग्ण बोलावयास तयार नसेल, तर घरच्यांनी फोन करावा. त्यांनाही सल्ला मिळतो.

अखेरीस त्या म्हणीकडे परत येऊ. जे कारणांनी घडले आहे, ते कारणे बदलली असता बदलते, हा सिद्धान्त या नियतकालिकाच्या वाचकांस नवा नाही. स्वभावही त्यास अपवाद नाही. त्याचे औषध बाटलीत मिळत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याजवळ ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, दीर्घकाळ बसून तयार करावयाचे असते. आपल्या वस्तीत ‘तिचा स्वभावच तसा’ असे कोणाविषयी बोलले जात असेल, तर या आठवड्यात तिच्या घरी जाऊन तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत सोबत येण्याची तयारी दाखवावी. डोंगरी वाटेवर पहिल्या खेपेस सोबत मिळाली, तर पुढच्या खेपा सोप्या होतात.