अंगणाचे डांबरीकरण आणि त्याची दबाई

संस्थेच्या इमारतीपुढील अंगण, शाळेच्या फाटकापासून सडकेपर्यंतची वाट, कबरस्तानाकडे जाणारा चिंचोळा रस्ता, अशी लहानसहान डांबरीकरणाची कामे ट्रस्टांकडे वरचेवर निघतात. वर्गणीच्या पैशातून ती होतात आणि पुष्कळदा दोन पावसाळ्यांतच उखडू लागतात. मग ‘माल हलका वापरला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माल कधी कधी हलका असतोही. परंतु अशा कामांचा घात बहुधा दबाईतच होतो, असे आमचे मत आहे.

डांबरी मिश्रणात लहानमोठी खडी, कच आणि दगडाची पूड असते. डांबर वजनाने सुमारे ५ टक्केच असते. (पूर्वी दगडी कोळशापासून निघणारे आणि आज खनिज तेलापासून मिळणारे, या दोन्ही पदार्थांना आपण डांबरच म्हणतो. आजचे काम दुसऱ्याचे होय.) गाडीचा भार पेलतात ते एकमेकांत घट्ट बसलेले दगड. गरम असताना डांबर वंगणासारखे काम करते, म्हणून दाब पडताच दगड सरकून जागा धरतात. निवाल्यावर तेच डांबर डिंकासारखे होऊन त्यांना जखडून ठेवते. वंगणाचा डिंक होण्यापूर्वीच दबाई उरकली पाहिजे. पुढे रूळ कितीही फिरवला तरी दगड हलत नाहीत. उलट फुटण्याचा संभव असतो.

दबाई अपुरी राहिली म्हणजे आत पोकळ्या उरतात. त्या सुमारे ८ टक्क्यांहून अधिक असल्या की एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत शिरण्यास वाट मिळते. बेळगावच्या पावसाळ्यात असे अंगण किती दिवस टिकणार? पाणी डांबराला दगडापासून सोडविते, आणि आत खेळणारी हवा डांबर कडक व ठिसूळ करते. वरून पाहता मात्र पहिल्या दिवशी दोन्ही कामे सारखीच काळीभोर दिसतात.

केंद्र सरकारच्या रस्तेविषयक मानकांप्रमाणे आपल्याकडील नेहमीच्या प्रतीचे डांबर असल्यास मिश्रण पसरताना त्याचे तापमान निदान १४० अंश सेल्सिअस असावे आणि ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी दबाई पुरी व्हावी. मोठ्या सडकेवर यंत्र पसरीत जाते व रूळ त्याच्या मागोमाग चालतो. आपल्या अंगणात काय होते? ट्रक सगळा ढीग एकदम ओततो, मजूर घमेल्याघमेल्याने माल नेतात, दंताळ्याने सपाटी करतात, आणि ‘सगळे पसरून होऊ द्या, मग एकदाच रूळ फिरवू’ असे मुकादम म्हणतो. तोवर पहिला कोपरा निवून गेलेला असतो. त्यातून थर पातळ. २५ मिलिमीटरचा थर ५० मिलिमीटरच्या थरापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने थंड होतो. म्हणून ढिगावर ताडपत्री असावी, थोडे पसरावे आणि लगेच दाबावे. धातूच्या दांड्याचा उष्णतामापक थरात खुपसून पाहणे कोणाही विश्वस्ताला जमण्यासारखे आहे. काम उन्हाळ्यात, ऊन तापल्यावर काढणे बरे.

दबाई सखल कडेकडून उंच बाजूकडे करीत जावी. प्रत्येक फेरीत रुळाने आधीच्या पट्ट्याचा काही भाग पुन्हा दाबावा. गरम थरावर रूळ उभा करून ठेवू नये. तेथे खळगा पडतो. माल चिकटू नये म्हणून रुळाला पाणी लावतात. डिझेल लावू देऊ नये, कारण त्यात डांबर विरघळते. भिंतीलगत, गटाराच्या झाकणाभोवती आणि कोपऱ्यांत रूळ पोहोचत नाही. तेथे कंप देणारे हातयंत्र किंवा साधा धुम्मस चालवावा, पण माल गरम असतानाच. आम्ही पाहिलेली बहुतेक अंगणे मधून नव्हे, कडांनी उखडलेली आहेत.

खालची जमीन व खडीचा थर आधीच पक्का बसलेला हवा, हे ओघाने आलेच.

आता पैशाची गोष्ट. मिश्रण दबाईत सुमारे पाचव्या हिश्श्याने बसते. ५० मिलिमीटर थर हवा असेल तर सुमारे ६२ मिलिमीटर पसरावा लागतो; ५० च पसरला तर हाती ४० उरतात. म्हणून करारात ‘दबाईनंतरची जाडी’ असे शब्द घालून घ्यावेत आणि मोजणीही दबाईनंतरच करावी. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून खळगे पाहावेत. पाणी साचते तेथूनच नासाडी सुरू होते.

पुरते निवेपर्यंत, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत, अंगणात वाहन येऊ देऊ नये. आणि एक विनंती लग्नघरांना: मांडवाचे खांब रोवण्यासाठी नव्या अंगणात पहार मारू नये. खांब वाळूने भरलेल्या डब्यांतही उभे राहतात.