पाणी चढावर कसे गेले?

जपानमधील अनेक मोठी शहरे मुळात किल्ल्याभोवती वाढलेली गावे आहेत. अशा गावाला जपानी भाषेत 'जोकामाची' म्हणतात. जपानी समुद्राजवळचे कानाझावा हे त्यांपैकीच एक. त्याचा नकाशा पाहताना आम्हाला प्रश्न पडला: किल्ला उंचावर, नद्या खाली, मग किल्ल्यात पाणी आले कसे?

प्रथम भूरचना पाहू. आग्नेयेकडील डोंगरांतून साई आणि असानो या दोन नद्या जवळजवळ समांतर वाहत येतात. त्यांच्यामध्ये कोदात्सुनो नावाचे लांबट पठार आहे. पठाराच्या टोकावर किल्ला आहे. दोन बाजूंच्या नद्या म्हणजे जणू आयते खंदकच! १५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार येथे आला आणि १८७१ मध्ये सरंजामी राज्ये रद्द होईपर्यंत त्याच्याच घराण्याची सत्ता राहिली. किल्ल्याभोवती सामुराईंची घरे, रस्त्यांच्या कडेने व्यापारी आणि नद्यांपलीकडे मंदिरांच्या रांगा अशी गावाची मांडणी झाली.

संरक्षणासाठी उत्तम असलेली ही जागा आगीपुढे मात्र लंगडी ठरली. घरे लाकडाची आणि पाणी खाली. १६३१ मध्ये मोठी आग लागली आणि तीत किल्लाही सापडला. दुसऱ्याच वर्षी कोमात्सु गावच्या इताया हेइशिरो याच्या देखरेखीखाली तात्सुमी कालवा खोदण्यात आला.

पाणी चढावर जात नाही, हे आपण जाणतो. पण नदी उगमाकडे उंच असते. साई नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवले आणि अगदी मंद उताराच्या कालव्यातून पठारावर आणले. नदी झपाझप खाली उतरते, कालवा सावकाश उतरतो; म्हणून शहराजवळ येईपर्यंत कालवा नदीपेक्षा बराच उंच राहतो. हा कालवा सुमारे ११ किलोमीटर लांब असून त्याचा काही भाग डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून जातो.

शेवटचा अडथळा होता किल्ल्याच्या खंदकाचा. तेथे बंद नळ खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर नेला. यालाच उलटा सायफन म्हणतात. सुरुवातीला हे नळ लाकडी होते, पुढे दगडी बसवले. वर्गात हे सहज दाखवता येईल. पारदर्शक रबरी नळी इंग्रजी 'यू' आकारात धरून तीत रंगीत पाणी भरावे. दोन्ही तोंडांशी पातळी सारखी दिसेल. एक टोक थोडे खाली आणून दुसऱ्यातून पाणी ओतत राहावे. मधला भाग कितीही खोल असला तरी पाणी खालच्या टोकातून बाहेर पडेल. किल्ल्याजवळच्या केनरोकुएन उद्यानातील जुने कारंजेही असेच चालते. वरच्या तळ्यातील पाण्याचा दाब त्याला पुरतो, पंप लागत नाही.

कालव्याने आगी थांबल्या नाहीत. १७५९ मध्ये शहराचा मोठा भाग पुन्हा जळाला. पण पाणी वाहत राहिले. दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर बॉम्बहल्ला झाला नाही, त्यामुळे जुन्या गल्ल्या आणि कालवे टिकले. विसाव्या शतकात मोटारींसाठी काही कालव्यांवर झाकणे पडली. ती काढून पाणी पुन्हा उघडे करण्याचे कामही पुढे या शहराने हाती घेतले.

आपल्या गावाच्या नकाशावरही उंची आणि पाणी यांचा असा संबंध शोधून पाहावा. गाव तेथेच का वसले, याचे उत्तर बहुधा त्यातच सापडेल.