हार्मोनची तांबी : भीती कशाची, काळजी कशाची?

मध्यंतरी एका गावी सोयाबीन बीजप्रक्रियेची बैठक आटोपली आणि मागे बसलेली एक ताई घुटमळली. म्हणाली, "मॅडम, अंगावर फार जायचं म्हणून डॉक्टरांनी हार्मोनची तांबी बसवली. आता वर्ष झालं, तर दोन महिने पाळीच नाही. सासूबाई म्हणतात, रक्त आत साठतंय, पिशवीच काढून टाक."

मी शेतीखात्याची, डॉक्टर नव्हे. म्हणून तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. तिथे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

या तांबीत तांबे नसते. लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे हार्मोन असते, बहुधा ५२ मिलिग्रॅम. ठिबक सिंचनासारखे ते रोज थोडे थोडे गर्भाशयात झिरपते. त्याने आतले अस्तर पातळ राहते. रक्त तयारच कमी होते, मग साठणार कुठून? म्हणूनच पाळीत जास्त जाण्यावर ही तांबी उपचार म्हणूनही बसवतात.

पहिले ३ ते ६ महिने अधूनमधून डाग दिसतात, पाळी अनियमित होते. पुढे रक्तस्राव कमी होतो. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते. तांबी काढल्यावर पाळी परत येते, मूलही राहू शकते. काहींना डोकेदुखी, छाती दुखणे, मुरुमे असा त्रास होतो. मात्र पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची तपासणी करून घ्यावी.

बसवण्याआधी गरोदरपण, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव किंवा स्तनाचा कर्करोग नाही, याची डॉक्टरांकडून खात्री करावी. बसवल्यावर महिना-दीड महिन्याने तपासणी चुकवू नये. ओटीपोटात जोराची कळ, ताप, घाण वासाचे पाणी, दोरा हाताला न लागणे किंवा दिवस गेल्याची शंका, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोरा स्वतः ओढू नये. एड्स, गुप्तरोग यांपासून तांबी वाचवत नाही. तिथे निरोधच लागतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सरपंच मंडळींनी आशाताईंना सोबत घेऊन गावात हा विषय बोलावा. पानावर डाग दिसला म्हणून आपण उभे पीक उपटत नाही. आधी रोग ओळखतो. घरच्या लक्ष्मीच्या बाबतीत तरी घाई का?